दुसऱ्याचं टपाल

"मारायचं होतं मला. मेला मात्र दुसराच," फोनवरचा आवाज एवढंच म्हणाला.

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा फोन करणारे कवी पंडितांच्या उंबऱ्यावरच बसले होते. आत आरामखुर्चीत पंडित गेलेले. त्यांचा एक डोळा कधीचाच निकामी होता. दुसऱ्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी तशीच होती.

एकाच शहरात, एकाच नावाआडनावाचे हे दोन लेखक. नाव सोडलं तर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. एक सभा गाजवणारा कवी, दुसरा जुन्या पोथ्यांत मान खुपसून बसणारा पंडित. कवीला शिव्या देणारी पत्रं पंडिताकडे जात आणि पंडिताचे रुक्ष अहवाल कवीकडे. दोघं एकमेकांना 'दुसरा' म्हणत. कोण कुणाचा दुसरा, हे कधी ठरलं नाही.

टेबलावर फाडलेला पुठ्ठ्याचा खोका होता. शेजारी औषधाची बाटली आणि चमचा. खोक्यावर नावाआधी ठळक 'कवी' लिहिलेलं. आत चिठ्ठी, 'आपल्या गोड गळ्यासाठी. एक चाहता.' औषधात विष होतं हे वासावरूनच कळत होतं.

बाईंनी खोक्याच्या कडेवरून नख फिरवलं. चिकटवलेल्या जागी वाळलेल्या खळीचे निळसर पापुद्रे निघाले.

पंडितांचा शिष्य भिंतीला टेकून उभा होता. तो इथेच राहायचा आणि सरांना सगळं वाचून दाखवायचा.

"खोका कधी आला?"

"मी सकाळी ग्रंथालयात गेलो होतो. मागे कुणीतरी दारात ठेवला असणार. परत आलो तर सर असे. दुसऱ्यांना मीच बोलावून घेतलं."

"उघडला कुणी?"

"सरांनीच, चाचपडत. हा घोळ नेहमीचाच आहे, मॅडम. दुसऱ्यांचं टपाल आलं तरी सर आधी उघडून बघायचे, मग पाठवायचे."

"आणि औषध लगेच घेतलं?"

"खोकला होता. ऑपरेशननंतर खोकायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं."

तो डोळे पुसत होता. त्याच्या नखांच्या कडा निळ्या होत्या.

"हाताला काय लागलंय?"

"खळ. पोथ्यांची फाटकी पानं चिकटवतो. कसर लागू नये म्हणून आम्ही खळीत मोरचूद घालतो, त्याचाच हा निळा रंग."

दुसऱ्या दिवशी बाई कवींच्या घरी गेल्या. दार कवींच्या बायकोने उघडलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "कालपासून पाणीसुद्धा घेत नाहीत. मी आधी घोट घ्यायचा, मग हे घेणार. असं किती दिवस चालायचं?"

कवी कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. सभा गाजवणारा माणूस एका रात्रीत म्हातारा झाला होता. "माझे शत्रू थोडे आहेत का?" ते म्हणाले. "माझं मरण त्याने घेतलं. आता ज्याने पाठवलंय तो परत पाठवेल."

दाराशी एक टोपली होती. तिच्यात पंडितांच्या नावाची पाकिटं, सगळी बंद.

"ही उघडली नाहीत?"

"दुसऱ्याचं टपाल कसं उघडू?" कवींना प्रश्नच कळला नाही. मग ते सावकाश म्हणाले, "एकदा उघडलं होतं. त्याच्या बायकोच्या तपासणीचा रिपोर्ट होता. ती जगणार नाही हे त्याच्याआधी मला कळलं. ते तोंड घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्या दिवशी दोघांनी शपथ घेतली. त्याच्याकडेही अशीच टोपली आहे. दर शनिवारी आम्ही टोपल्या बदलतो."

"शेवटचं बोलणं काय झालं?"

"खुशीत होता. आज पट्टी सुटायची होती. म्हणाला, डोळा उघडला की आधी शिष्याला सापडलेली पोथी बघतो. पोरगा वाचून छान दाखवतो, पण पोथी कानाने कळत नाही. कागद आणि शाई बघावीच लागते."

बाई एकदम उठल्या. "चला माझ्याबरोबर."

पंडितांच्या खोलीत शिष्य पोथ्या बांधत होता. बाईंनी दारामागची टोपली ओढून त्याच्यासमोर ठेवली. कवींच्या नावाची सगळी पाकिटं तिच्यात जशीच्या तशी बंद होती.

"ही रोज तुमच्या पायात येते. तरी तुम्ही म्हणालात, सर उघडून बघायचे."

"सरांना दिसत नव्हतं, मॅडम. खोका कुणाचा हे त्यांना कसं कळणार?"

"म्हणूनच. दुसऱ्याचं टपाल एवढं जपणारा माणूस न विचारता दोरासुद्धा सोडणार नाही. विचारायला घरात कुणी नसेल तर थांबेल. म्हणजे खोका त्यांनी उघडलाच नाही. तो नंतर फाडून इथे ठेवला, कवींचा शत्रू शोधत आम्ही गावभर फिरावं म्हणून. आता हे सांगा, चाहत्याने खोका चिकटवला त्या खळीत मोरचूद कुठून आलं?"

शिष्याने हात मागे घेतले.

"पंडितांच्या डोळ्यावर पट्टी, तेव्हा खळ शिजवणारे या घरात तुम्ही एकटेच. विष खोक्यातून आलं नाही, रोजच्या चमच्यातून आलं. आणि ते आजच्या आत द्यायला हवं होतं, कारण आज पट्टी सुटणार होती. ती पोथी तुम्हाला सापडलेली नाही. तुम्हीच लिहिलीय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

त्याने बांधलेली पोथी बाजूला सारली. मग म्हणाला, "विद्यापीठातली जागा त्याच पोथीवर मिळणार होती. त्यांनी एक पान बघितलं असतं तरी सगळं संपलं असतं."

"औषध तुम्ही भरवलंत?"

"रोजच भरवायचो," तो म्हणाला. "विचारलंही नाही त्यांनी. नुसतं तोंड उघडलं."

हवालदार त्याला घेऊन गेले. कवी रिकाम्या आरामखुर्चीकडे बघत होते.

"म्हणजे ते मरण माझं नव्हतं?"

"नाही. तुमचं नाव फक्त पुढे केलं होतं."

त्यांना हायसं वाटेल असं बाईंना वाटलं होतं. पण ते तोंड झाकून रडले. आपल्याऐवजी तो मेला असता तर निदान त्याचं काही देणं तरी आपल्याकडे उरलं असतं. आता तेही नव्हतं.

जरा वेळाने त्यांनी आपल्या टपालाची टोपली उचलली.

"त्यांच्या नावाचं अजून येत राहील," बाई म्हणाल्या. "त्याचं काय करणार?"

"टोपलीत ठेवीन," कवी म्हणाले. "उघडणार नाही."