खरखराटाचं कारण

विश्वात रिकामी जागा कुठेही नाही, असं ब्रोन्विनचं ठाम मत होतं. रिकामी होणार होती ती फक्त तिची खुर्ची, जूनअखेर.

दीर्घिकांच्या दोन समूहांमध्ये विरळ वायू आहे, हे तिला दाखवायचं होतं. मागच्या दीर्घिकांच्या रेडिओ लहरी त्या वायूतून येताना किंचित पिळल्या जातात. पीळ मोजला की वायू सापडला. सापडला तर नोकरी, नाहीतर पर्थला आईकडे.

म्हणून ती पश्चिम ऑस्ट्रेलियात, मर्चिसनच्या लाल मातीतल्या रेडिओ दुर्बिणीकडे आली आणि फाटकातच रेमोने तिला अडवलं. दुर्बिणीजवळ एकही यंत्र रेडिओ लहरींत कुजबुजता कामा नये, हे बघणं त्याचं काम. त्याने तिचा फोन घेतला, मनगटावरचा पावलं मोजणारा पट्टाही घेतला.

"आता मी किती चालले, ते कोण सांगणार?"

"मी... मोजेन," रेमो म्हणाला, आणि दाढीआड लाजला.

त्याने खरंच मोजली. रोज चहाबरोबर आकडा सांगायचा. ती म्हणायची, शंभर कमी धरलीस. दहाव्या दिवशी तिचं शेवटचं, सहा तासांचं निरीक्षण लागलं. त्याच संध्याकाळसाठी तिने त्याला सकाळीच चॉप्स खायला बोलावलं.

दुपारी नोंदींत खरखराट उमटला. स्रोत सापडला नाही तर सगळं निरीक्षण बाद, असा नियम. आणि जूनच्या आत दुर्बीण पुन्हा मिळणार नव्हती. ब्रोन्विन रडली नाही. तिने एकाच चहात तीनदा साखर घातली.

तेवढ्यात एक अनोळखी माणूस आत आला. हनुवटी पांढरीफटक, आवाज रेमोचा. त्याने अहवाल पुढे ठेवला. स्रोत : दाढीचं बॅटरीवरचं यंत्र. जागा : दुर्बिणीशेजारी, गाडीच्या आरशासमोर. कालावधी : चार मिनिटं. दोषी : रेमो. कारण : ब्रोन्विनने जेवायला बोलावलं.

"हे वर जाणार?"

"सगळ्यांकडे जातं."

"कारण खोड की, वेड्या. नोकरी जाईल तुझी."

"खोडलं असतं. पण... दुसरं कारणच नाहीये."

तिने साक्षीदाराच्या रकान्यात सही केली. मग त्या उघड्या हनुवटीवर ओठ टेकले — बराच वेळ.

चार मिनिटं कापली. उरलेल्या नोंदींत पीळ स्वच्छ दिसला. वायू होता. ब्रोन्विनला तीन वर्षांची नेमणूक मिळाली, रेमोला लेखी समज. दोघांनी दोन्ही कागद एकाच चौकटीत लावले.

वायू निघाला तो असा : हजार लिटरच्या टाकीएवढ्या जागेत वीस कण.