दोघी साळवे

प्रेमाला मोल नसतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. प्रज्ञा साळवेचं प्रेम साडेचार हजारांना पडलं, आणि त्याची पावतीही तिने जपून ठेवली आहे.

पैसे अर्थात प्रेमाचे नव्हते, मुलीच्या मानसिक चाचणीचे होते. सायली नऊ वर्षांची. कावळा असा काढायची की वाटावं आता कागदावरून उडेल. पण ‘बदक’ वाचायला दिलं की ‘कदब’ वाचायची. शेवगावच्या तिच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, “मुलगी मठ्ठ आहे. दाखला काढून न्या.”

प्रज्ञा बाजार समितीत कारकून. कागदाची ताकद तिला ठाऊक.

“मठ्ठ आहे असं लिहून द्या,” ती म्हणाली. “सही-शिक्क्यानिशी.”

मुख्याध्यापकांनी खिशातून पेन काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं.

“मग ती काय आहे ते मीच लिहून आणते. तोवर दाखल्याला हात लावायचा नाही.”

घरी प्रज्ञाच्या आईने, विमलबाईंनी, कपाळाला हात लावला. “येड्याच्या डॉक्टरकडं नेली म्हनल्यावर पोरीला करून कोन घेईल?”

“आधी सातचा पाढा तर येऊ दे तिला. नवऱ्याचं काय, मला आला होता. आणि गेलाही.” तो सोडून गेल्यावर प्रज्ञाने माहेरचं साळवे आडनाव परत घेतलं होतं आणि सायलीलाही तेच लावलं होतं.

नगरच्या ज्या क्लिनिकात ही चाचणी व्हायची, तिथे शनिवारी गर्दी असायची. सायली तिथे पोचताच एका अनोळखी मुलीशेजारी फतकल मारून बसली आणि दोघी एकाच कागदावर कावळे काढू लागल्या. त्या मुलीचा बाप खुर्चीवर फॉर्म धरून घामाघूम झाला होता. नखांत ग्रीस, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा.

“फॉर्म उलटा धरलाय तुम्ही,” प्रज्ञा म्हणाली.

“तरीच,” तो म्हणाला. “म्हटलं, प्रश्न एवढे अवघड का वाटतायत!”

प्रज्ञाला हसू आलं. तिने ते आवरलं... पण त्याने पाहिलं होतं.

इतक्यात काउंटरवरच्या राजेश्वरीबाईंनी चष्मा वर सारला. “साळवे सायली, साळवे पूजा. बहिणी ना? दुसरीला निम्मी फी. भावंडांची सवलत आहे.”

नगर जिल्ह्यात साळवे किती आहेत हे मोजायला बसलं तर शिरगणती लागेल. राजेश्वरीबाई मूळच्या सोलापूरच्या.

तो प्रज्ञाकडे किंचित झुकला. “मॅडम... जरा गप बसता का? सव्वादोन हजार वाचत्यात.”

“वाचतील. आणि आत विचारतील, ही बोलायला कधी लागली. माझ्या मुलीचं काय सांगणार तुम्ही?”

“तुमच्यावर गेली असंल तर... जन्मल्या जन्मल्या.”

प्रज्ञा ताडकन उठली आणि काउंटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आम्ही एकमेकांचे कोणी नाही!”

सगळं वेटिंग वळून पाहू लागलं. जणू तिथेच काडीमोड झाला होता.

त्याने शांतपणे पूर्ण फी भरली आणि हात जोडले. “कल्याण साळवे. देवळाली प्रवरा. ट्रॅक्टरचे पार्ट विकतो. तुमचा कोणी नसलेला.”

चाचणी तीन शनिवार चालणार होती, दर खेपेला दोन तास. पहिल्या शनिवारी ते दोन तास क्लिनिकात बसून गेले. दुसऱ्या शनिवारी समोरच्या रसवंतीत.

“निम्मं पानी हाय,” कल्याण ग्लास उजेडात धरून म्हणाला. “आमच्याकडं असा रस दिला तर मानूस कोर्टात जाईल.”

“मग पिता कशाला?”

“रसासाठी कोन आलंय?”

प्रज्ञा रस्त्याकडे पाहू लागली. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ पाहत राहिली. मग तो पूजाविषयी बोलला. तिची आई चार वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून पोर बोलायचीच बंद झाली, आणि गावाने तिला मुकी ठरवून टाकलं.

“तुम्ही मानलंत?”

“मानलं असतं तर इथं असतो का?”

प्रज्ञाने वळून पाहिलं. या वेळी नजर काढून घेतली नाही.

तिसऱ्या शनिवारी सायलीचा रिपोर्ट हातात आला. बुद्धी सरासरीहून वरची. अडचण फक्त अक्षरं वाचण्यात. शिकवायची पद्धत बदला, परीक्षेत जास्त वेळ द्या. तीन वर्षांनी पुन्हा तपासा. प्रज्ञाने तो रसवंतीत बसून दोनदा वाचला आणि डोळे पुसून रसातल्या आल्याला दोष दिला.

“एक विचारू?” कल्याण म्हणाला. “तुमचं... मूळ गाव कुठलं?”

ग्लास ओठांशी थांबला. एक साळवे दुसऱ्या साळवेला मूळ गाव विचारतो तेव्हा भूगोल शिकायचा नसतो. भावकी लागते का, हे बघायचं असतं. आणि ते का बघतात, हे नगर जिल्ह्यात शाळेतल्या पोरांनाही कळतं.

“पाथर्डीकडचं,” ती हळूच म्हणाली. “तुमचं?”

“राहुरीकडचं. सात पिढ्या.”

“म्हणजे भावकी नाही.”

“न्हाई!” तो इतक्या जोरात म्हणाला की रसवाल्याने चरक थांबवला.

“मी अजून हो म्हटलेलं नाही.”

“मी अजून विचारलेलंच न्हाई.”

“मग विचारा. मला पाचची गाडी आहे.”

“तीन वर्षांनी परत चाचनी हाय म्हनं... तवा... ती सवलत खरीच घेऊ?”

प्रज्ञा उठली, पदर खोचला. “सोमवारी सांगते. आधी एकाचं तोंड बंद करायचंय.”

सोमवारी तिने रिपोर्ट मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पानं चाळली. “हे सगळं इंग्रजीत आहे.”

“वाचायला अडचण येते का, सर? येते काही जणांना. जास्त वेळ घ्या.”

दाखला कपाटातच राहिला.

शाळेच्या फाटकाबाहेर कल्याण मोटारसायकलवर बसला होता. दुकान बंद ठेवून, न बोलावता. मागे पूजा. प्रज्ञा जवळ आली तशी पूजाने बापाचा शर्ट ओढला आणि घसा खाकरून प्रज्ञाला म्हणाली, “हो म्हना ना.”

कल्याणच्या हातातून किल्ली खाली पडली.

“हो,” प्रज्ञा म्हणाली.

तीन वर्षांनी चौघं पुन्हा नगरला गेले. प्रज्ञाने लग्नाचा दाखला काउंटरवर ठेवला, त्यावर दोघींची आधार कार्डं ठेवली आणि म्हणाली, “दुसरीला निम्मी फी.”

राजेश्वरीबाईंनी चष्मा वर सारला. ती सवलत मार्चमध्येच बंद झाली होती.