झाकणकोंडीचा काळा दगड

जावयाला नावं ठेवू नयेत. पण गुरुदासचं मागं रेंगाळणं इंदुबाईला मुळीच खपत नव्हतं. बेळगावच्या कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवणारा हा गडी दर दहा पावलांवर वाकायचा, काहीतरी पिशवीत टाकायचा आणि धापा टाकत यायचा.

"जावईबापू, रान उचलून नेताय व्हय?"

गुंद गावाच्या वरची झाकणकोंड म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचं खचलेलं तोंड, असं तो म्हणे आणि कॉलेजातले हसत. काठावरचा काळा दगड मिळाला की पुरावा! वाट ठाऊक होती ती एकट्या सासूला. म्हणून लेक श्वेतासह तिघं निघाली होती. फाट्याफाट्यावर इंदुबाई हिरवी डहाळी ठेवी, उडू नये म्हणून वर दगड. परतीची खूण!

शेवटचा चढ संपला.

डोंगराच्या पोटात प्रचंड गोल परात! चहूबाजूंनी काळे कडे, आणि तळाशी पाणी. इतकं निश्चल, की घिरट्या घालणारी घार पाण्यातच उडते आहे असं वाटावं.

"मामी, आत रस उकळत होता," गुरुदास कुजबुजला. "तो ओकला गेला. पोट रिकामं झालं, छत खचलं. मग पावसानं भरलं."

"आतनं पोकळ वारूळ ढासळतं, त्यागत," इंदुबाई म्हणाली. "झाकण आत पडलं ते थोरल्यांनी बघितलं नसंल, पर वळखलं. नाव उगाच न्हाई ठेवलं." बोलली ताठ्यात, हात मात्र आपोआप जोडले गेले.

गुरुदासनं काठावरचा एक दगड घेतला. तेवढ्यात धुकं उतरलं.

परतताना पहिल्याच फाट्यावर दगड नाही! डहाळी वाऱ्यानं नेलेली. दुसऱ्यावरही तेच.

"माझे दगड कुठं गेले?"

गुरुदास पांढराफटक. "सुटे, चांगले दिसले, म्हणून..."

श्वेता किंचाळली. पायाखालची माती सुटली! इंदुबाईनं लेकीचं मनगट धरलं. ओढलं. खाली नुसतं धुकं.

"उघडा ती पिशवी!" इंदुबाई जावयावर कडाडली.

आता प्रत्येक फाट्यावर एक दगड. तोच पुन्हा भेटला की वाट चुकली. मागं फिरा, दुसरी धरा. तीनदा भेटला. उजेड आटत चालला. पिशवीत एकच दगड उरला. काठावरचा, काळा.

गुरुदासनं तो क्षणभर छातीशी धरला. मग स्वतःच फाट्यावर ठेवला.

थोडं उतरताच गुंदचं कुत्रं भुंकलं! गुरुदास त्या दगडाकडं परत वळला, तशी इंदुबाईनं त्याचा दंड धरला.

"ऱ्हाऊ द्या. आता ती वाटंची खूण हाय. जावईबापू, तुमचं शास्त्र खरं, आमचं झाकण बी खरं. पर रानातला दगड उचलायच्या आधी, त्याच्याखाली काय दाबलंय ते बघावं!"