हिरव्या शाईचा शेरा

“भिंगरीचा डबा घरी कोण भरतं?”

एवढाच प्रश्न. पण तो विचारायची पैज लावली होती पहिलीच्या बाईंनी, त्यात तेल ओतलं होतं चित्रकलेच्या बाईंनी, आणि विचारायचा होता मात्र दुसरीच्या बाईंना. त्या दोघी नकाशांच्या कपाटामागे कान टवकारून उभ्या, आणि ही बिचारी पालकसभेच्या टेबलाशी.

दोघींचं म्हणणं अगदी सरळ होतं. ‘तुमचं लग्न झालंय का’ असं काही पालकाला विचारता येत नाही, पण डब्याची चौकशी करणं हा शिक्षिकेचा हक्कच आहे. उत्तरात ‘बायको’ आली की विषय संपला, आणि नाही आली तर... तर मग बघू.

समोर बसला होता भिंगरीचा पालक. दुसरीच्या मुलांच्या खुर्चीत, गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकवून. बाह्या दुमडलेल्या, नखांच्या कडेला काळसर वंगणाची रेघ, आणि डोळे असे, की बघणाऱ्याने आधी आपली नजर दुसरीकडे वळवावी आणि मग स्वतःवरच चिडावं.

प्रश्न ऐकून त्याचा चेहरा पडला.

“मीच भरतो,” तो म्हणाला. “का... काही तक्रार आहे का?”

कपाटामागे काहीतरी खुसखुसलं.

“नाही, नाही. अंडं... फार नीट सोललेलं असतं,” ती म्हणाली, आणि आपली जीभ आपणच चावावी असं तिला वाटलं. नोकरीचं दुसरं वर्ष, वय चोवीस. एकतीस मुलांना एका टाळीत गप्प करणारी ही बाई एका अंड्यापुढे ततपप करत होती.

पण त्या अंड्याने काम केलं. त्याने आपणहून सगळं सांगितलं. भिंगरी त्याची भाची. तिचे बाबा जहाजावर, आई नर्सिंगचं शिकायला दुसऱ्या गावी. तोवर घरात मामा आणि भाची, दोघंच. चौकातलं सायकल दुरुस्तीचं दुकान त्याचंच. आणि शाळेची परीक्षा झाली की बहीण येऊन भिंगरीला घेऊन जाणार, तिकडच्या शाळेत.

एका प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली. पहिल्याने तिला गुदगुल्या झाल्या. दुसरं मात्र कुठेतरी टोचलं... भाची गेली की मामाला शाळेत यायचं कारणच उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भिंगरीच्या संपर्कवहीत अख्खं पान भरलेलं होतं.

संपर्कवही प्रत्येक मुलाच्या दप्तरात असे. बाईंनी लाल शाईत लिहायचं, घरच्यांनी निळ्या शाईत उत्तर देऊन सही करायची, आणि दर शुक्रवारी सगळ्या वह्या मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या टेबलावर जायच्या. त्या प्रत्येक पानावर हिरव्या शाईने बरोबरची खूण करून परत पाठवायच्या. मोठ्या बाई वह्या वाचत नाहीत, नुसत्या खुणा करतात, अशी सगळ्या शाळेची पक्की समजूत होती.

निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘बाई, कालच्या चौकशीवरून डब्यात सुधारणा करत आहे. सोमवार, अंडं-ब्रेड. मंगळवार, बटाटा. बुधवार, पुन्हा अंडं, पण वेगळ्या प्रकारे. गुरुवार, काकडी. शुक्रवारचं सुचत नाही. मार्गदर्शन व्हावं.’

बिचाऱ्याने ते शाळेचं बोलणं म्हणून मनाला लावून घेतलं होतं. तिने ओठ दाबून हसू आवरलं आणि लाल शाईत लिहिलं, ‘शुक्रवारी केळं चालेल. सोलून देऊ नये, काळं पडतं.’

त्यावर उत्तर आलं, ‘केळ्याबद्दल आभार. भिंगरी म्हणते, बाई हसल्या की एकाच गालाला खळी पडते. मी म्हटलं, हो, डाव्या.’

हे वाक्य तिने मधल्या सुट्टीत चार वेळा वाचलं. मग हजेरीत गैरहजर मुलाला हजर मांडलं आणि हजर मुलाला गैरहजर.

त्याच दिवसांत तिचा एक उपक्रम धापा टाकत होता. नाव ‘पालक-तास’. दर गुरुवारी शेवटच्या तासाला एका पालकाने वर्गात येऊन आपलं काम मुलांना शिकवायचं. कल्पना तिची, हौस तिची, आणि वर्गाच्या दारावर लावलेला नावांचा कागद तीन आठवडे कोरा, ती फजितीही तिचीच. बाबांना रजा नसायची. आया म्हणायच्या, आम्हाला काय येतं शिकवायला. शिक्षकांच्या खोलीत दोघी-तिघी डोळ्यांनीच ‘सांगितलं होतं ना’ म्हणायच्या. ती मात्र रोज सकाळी कागदाचा सुटलेला कोपरा नीट चिकटवायची. हट्टच होता तो, पण हसरा हट्ट.

एके दिवशी भिंगरीला न्यायला आलेला मामा दारात थांबला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, म्हणजे कोरा कागद जितका वाचता येतो तितका. कानामागची पेन्सिल काढली आणि लिहिलं: पंक्चर.

त्या गुरुवारी वर्गात बादली आली, ट्यूब आली, पॉलिश पेपरचे तुकडे आले. एकतीस मुलं जमिनीवर गोल करून बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना ‘शांत बसा’ म्हणावं लागलं नाही. तो ट्यूब पाण्यात धरायचा, हळूहळू फिरवायचा. बुडबुडा दिसला की मुलं अशी ओरडायची, जणू खजिना सापडला. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता, खिडकीच्या काचेवर थेंब सरकत होते, आणि वर्गात खडू, ओली माती आणि रबर यांचा मिळून एक वेगळाच वास भरला होता.

“बाई, आता तुम्ही,” भिंगरीने फर्मान काढलं.

तिने बाही वर केली, हात पाण्यात घातला. पाणी गार होतं. शेजारचा हात मात्र गार नव्हता.

“काहीच दिसत नाही,” ती म्हणाली.

“घाई करू नका. बुडबुडे आपणहून येतात.”

“आणि नाहीच आले तर?”

“मग...” तो पाण्याकडेच बघत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, “मग ट्यूब अजून थोडा वेळ धरून ठेवायची. मला काही घाई नाही.”

तिच्या डाव्या गालाला काय झालं हे तिने आरशाशिवायही ओळखलं.

पुढच्या आठवड्यात कागद भरायला लागला. एका मुलाचे बाबा बस चालवायचे. त्यांनी खुर्च्यांची बस करून वळण कसं घ्यायचं ते शिकवलं, आणि मागच्या रांगेतली सर्वांत व्रात्य तिघंजण तासभर शहाण्या प्रवाशांसारखी बसून राहिली. एका आईने बटण लावायला शिकवलं. ‘मला काय येतं’ म्हणणारी तीच आई, आणि तास संपला तेव्हा तिच्याभोवती अशी गर्दी, की तिला बाहेर पडता येईना. एक आजोबा दोरीच्या गाठी घेऊन आले. तास कोणाचाही असो, बादली उचलायला, बाकं सरकवायला सायकलवाला मामा हजर. चित्रकलेच्या बाई म्हणायच्या, शाळेला फुकटचा शिपाई मिळाला. पहिलीच्या बाई म्हणायच्या, फुकटचा कसला, किंमत दुसरीच्या बाई मोजतायत.

ती हल्ली त्यांच्यावर चिडतही नव्हती. ताठ मानेने चालायची, मोठ्याने हसायची. दारावरच्या कागदाने तिला काहीतरी शिकवलं होतं. लोक येतात. फक्त बोलवावं लागतं, आणि नाही आले तर पुन्हा बोलवावं लागतं.

आणि मग एका गुरुवारी वहीत निळी शाई आली, जरा घाईत लिहिलेली. ‘बहिणीचं शिक्षण आधीच संपलं. ती या शनिवारी येत आहे. नव्या शाळेत लगेच प्रवेश हवा, तरी दाखला तयार ठेवावा.’

ती खुर्चीत बसली. परीक्षेला अजून दीड महिना होता, आणि तो दीड महिना तिने मनातल्या मनात आपलाच धरला होता. आता उरले फक्त दोन दिवस.

पान उलटलं, तर मागे अजून एक ओळ होती. बरीच खाडाखोड करून उरलेली. ‘भाची गेल्यावर शाळेत यायला दुसरं काही कारण चालेल का?’

लाल पेन हातात होतंच. तिने लिहिलं, ‘चालेल. कारण वर्गासमोर सांगण्यासारखं नसलं तरी चालेल.’ आणि खाली, जणू गृहपाठ तपासलाय अशी, झोकदार सही केली.

शुक्रवारी दुसऱ्या तासाला ती फळ्यावर वजाबाकी मांडत होती. हातचा घेता घेता खडू थांबला.

आज शुक्रवार. सकाळीच शाळेचे शिपाई वह्यांचा गठ्ठा घेऊन गेले होते. एकतीसच्या एकतीस.

मुलांना वजाबाकी सोडवायला देऊन ती जिना उतरली. उतरली कसली, दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पोहोचली. मोठ्या बाई चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांच्या हाताखाली उघडी वही होती भिंगरीची.

“या,” त्या म्हणाल्या. “बसा.”

ती उभीच राहिली. मान खाली घालायची नाही, असं तिने जिन्यातच ठरवलं होतं. तिने सांगून टाकलं, की ते लिहिणं वहीत यायला नको होतं, चूक तिची आहे. पण जे लिहिलंय ते खरं आहे, आणि ते ती खोडणार नाही.

मोठ्या बाईंनी मागची पानं एकेक करून उलटली. डब्याचं पान, केळ्याचं पान, खळीचं पान. प्रत्येकावर हिरवी खूण. त्यांनी सांगितलं, की बावीस वर्षं त्या प्रत्येक वहीचं प्रत्येक पान वाचत आल्या आहेत. शाळेची समजूत काहीही असो, कोणी वाचत नाही असं वाटलं की माणसं खरं लिहितात, म्हणून त्यांनी ती कधी मोडली नाही. आणि पालकांना शाळेत आणायला इतकी वर्षं त्यांनी किती परिपत्रकं काढली, पण एका पंक्चरने जे केलं ते एकाही परिपत्रकाने केलं नव्हतं.

“पण,” मोठ्या बाई म्हणाल्या, आणि तो ‘पण’ चांगलाच जड होता, “तो या शाळेचा पालक आहे तोवर वहीत फक्त अभ्यास. दाखल्यावर माझी सही शनिवारी अकरा वाजता होईल. त्यानंतर तो पालक नाही, आणि मला बोलायचा अधिकार नाही.”

त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. जिन्यात तिने ती उघडली. तिच्या लाल ओळीखाली हिरव्या शाईत, सरळ रेषेत लिहिलं होतं:

‘दोन्ही बाजूंनी फार मोघम लिहिले जात आहे. स्पष्ट लिहावे.’

शनिवारी शाळा अर्धा दिवस. भिंगरीची आई वर्गावर्गात जाऊन सगळ्यांचे आभार मानत होती, भिंगरी मैत्रिणींना मिठ्या मारत होती. आणि मामा रिकाम्या वर्गात, त्याच बुटक्या खुर्चीत, हातात दाखला धरून बसला होता.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने दोनदा बघून घेतलं.

“बाई,” तो उठायला लागला.

“बसा. आणि बाई म्हणू नका. आता तुम्ही पालक नाही.”

तो गोंधळून बसला. तिने दुसरी बुटकी खुर्ची ओढली आणि समोर बसली. दोघांचे गुडघे एकमेकांना लागतील इतकंच अंतर.

“मी तीन गुरुवार एक वाक्य पाठ करून येतोय,” तो म्हणाला. “दुकानापासून फाटकापर्यंत येतं. वर्गाच्या दारात आलं की...” त्याने हात हवेत उडवला.

“मग मी सांगते. मला पाठ करावं लागलं नाही.” तिने श्वास घेतला. “मला तुम्ही आवडता. गुरुवारीच नाही. रोज.”

त्याच्या डोळ्यांत आधी, आणि ओठांवर नंतर, असं हसू पसरलं.

“तुमचं वाक्य माझ्यापेक्षा बरंच आखूड आहे,” तो म्हणाला.

“स्पष्ट लिहायचा हुकूम होता.”

“माझं लांब आहे. ऐकायला वेळ लागेल.”

“किती?”

त्याने दाखला घडी करून खिशात ठेवला, तिचा खडूने पांढरा झालेला हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाला, “बघ ना... संपेल असं वाटत नाही.”

‘बघा’ नव्हे. ‘बघ’. ती कानापर्यंत लाल झाली आणि तिने हात तसाच राहू दिला.

घरी पोहोचली तेव्हा आई धुतलेल्या चादरीची दोन टोकं धरून उभी होती आणि बाबा उरलेली दोन. तिने चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि चादरीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

तिने सगळं सांगितलं, काही न गाळता. मुलगा कोण, काय करतो, कुठे भेटला. उद्या दुपारी तो घरी येणार आहे. बाबांनी विचारलं, सायकलचं दुकान म्हणजे... स्वतःचं? ती म्हणाली, स्वतःचं, आणि हातही स्वतःचेच काळे करतो. आईने विचारलं, आम्ही आधी त्याला बघायचं, मग ठरवायचं, असंच ना?

“बघा की. हवे ते प्रश्न विचारा, अगदी अडचणीत आणा,” ती म्हणाली. “पण ठरवायचं काही राहिलेलं नाही. मी त्याच्याशी लग्न करणार आहे.”

बाबांच्या हातून चादरीचं एक टोक सुटलं. “आणि तो काय म्हणतो लग्नाला?”

“त्याला अजून माहीत नाही,” ती म्हणाली, आणि वाकून ते टोक उचलून बाबांच्या हातात दिलं. “म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं.”