दुपारच्या पाळीआधी तीन घोट

डेपोच्या फाटकातच कुणीतरी टेबल मांडलं होतं. ती स्कूटरचा हॉर्न वाजवून वाजवून थकली.

"अहो, टेबल हलवताय, की मीच हलवू?"

बाटल्या रचणाऱ्याने वर पाहिलं... आणि पाहतच राहिला. मग टेबल सोडून त्याने पेलाच पुढे केला. "चव सांगता? बिनदारूची बिअर आहे. मीच बनवतो."

ती बस चालवायची. दुपारची पाळी सुरू व्हायला अवकाश होता आणि घशाला कोरड पडली होती. तिने घोट घेतला.

"ओला पुठ्ठा."

"अगदी बरोबर!" तो खूश. "आता ही."

"खोकल्याचं औषध."

"मलाही तसंच वाटतं!"

"मग लोकांना पाजता कशाला?"

"सगळे नुसतं छान छान म्हणतात. खरं बोलणारं माणूस शोधत होतो." तो हसला. गालाला खळी पडली. नको तिथे लक्ष जातं मेलं! तिने तिसरा पेला तोंडाला लावला. संत्र्याच्या सालीसारखा कडवट, गार, झकास.

"ही बरी आहे," ती नाइलाजाने म्हणाली आणि स्कूटर तिथेच लावून तरातरा आत गेली.

ड्युटीवर जाण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकावं लागे. तिने फुंकलं. लाल दिवा लागला.

डेपोचे साहेब तिच्याकडे बघतच राहिले. तिकीट खिडकीत बसणारी तिची सख्खी आत्या अर्धी बाहेर आली. "अगं, भरदुपारी?"

तिची फेरी दुसऱ्याला गेली. नोकरीही टांगणीला लागली. ती फाटकाकडे धावली.

"बिनदारूची म्हणालात ना?"

"नावापुरती असते हो... अर्धा टक्का. पिकलेल्या केळ्यातसुद्धा थोडी—"

"केळ्याने माझी नोकरी नाही घालवली!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. टेबल तसंच टाकून, एक बाटली घेऊन तो साहेबांच्या खोलीत घुसला, मागोमाग ती.

"साहेब, चूक माझी. मी यांना आधी सांगायला हवं होतं. पण हा अंश फक्त तोंडात रेंगाळतोय, दुसरं काही नाही. माझ्यावर तपासून बघा." त्याने बाटली घटाघटा संपवली, फुंकलं. लाल दिवा. "आता दोघं चूळ भरतो. पाव तासाने पुन्हा तपासा."

साहेबांनी बाकाकडे बोट दाखवलं.

"एक शब्द बोलू नका," ती बसता बसता म्हणाली.

त्याने मान डोलावली. पण लगेच विचारलंच, "रागावलात?"

"छे! आनंदाने नाचतेय."

"वडिलांसाठी सुरू केलं हे. त्यांना बिअर फार प्रिय, आणि डॉक्टरांनी बंद केली. माझी पहिली बाटली प्यायले आणि म्हणाले, 'यापेक्षा मरण बरं.'"

तिला हसायचं नव्हतं. तरी फिसकन हसू आलंच. ते लपवायला तिने खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि दचकली. "अहो! लोक तुमच्या बाटल्या पळवतायत!"

"पळवू देत."

"असं कसं? जा ना!"

"तुमचं शून्य आल्याशिवाय मी हलणार नाही." आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. "बाटल्या काय, पुन्हा भरता येतात."

वैताग कुठे ठेवावा तेच कळेना. बाकावर मधे तिची पिशवी होती... तिने ती उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

पाव तासाने दोघांनी फुंकलं. शून्य. शून्य. साहेबांनी पुढच्या फेरीची चावी तिच्या हातावर ठेवली. "यापुढे ड्युटीआधी पाणीच प्या."

"दिवा लाल नाही, मग गाल कसे गं लाल?" आत्याने खिडकीतून विचारलंच.

"आत्या, तिकिटं फाड तू!"

ती बसमध्ये चढली. तो दाराशी येऊन घुटमळला. पायरीवर एक पाय, एक खाली. मागे माणसं खोळंबली.

"चढताय की उतरताय?"

"मी... म्हणजे पुन्हा कधी..."

"रविवारी मला सुट्टी असते," ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "त्या दिवशी कुठे फुंकायचं नसतं."

"हो का? मग बाटल्या घेऊन येऊ? कुठली आणू? नवी एक—"

"अहो देवा!" तिने कपाळावर हात मारला. "किती फोड करून सांगायचं माणसाला? बाटल्या नकोत. तुम्ही या!"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. तो पायरीवरून पडता पडता वाचला.