राहिलेला उत्तररंग

"बुवा, हात खाली घ्या."

काशीरामबुवांशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. तेही भर कीर्तनात, अंगणभर माणसं बसलेली असताना.

देवरुखाच्या टोकाला, चढणीवर, सुंदराकाकींचं चिऱ्याचं घर. काकींनी जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर ते घर मुलांसाठी मोकळं केलं... आपल्याच माणसांनी मारलेल्या, छळलेल्या मुलांसाठी. मी जवळच्या शाळेत शिकवत होते आणि राहत होते काकींकडेच. एका श्रावणी सोमवारी अंगणात कीर्तन ठेवायचं, ही हौस माझी. कीर्तन म्हटलं की मला तहानभूक उरत नाही.

ठरलेल्या म्हाताऱ्या बुवांचा घसा बसला, आणि त्यांच्या जागी एस.टी.तून एक तरणा माणूस उतरला. पोफळीच्या वीजघरात नोकरी, सुटीच्या दिवशी हरिकथा. फेटा पावसानं भिजून एका कानावर आलेला. मला हसू येत होतं. पण त्यांनी झांज हातात घेऊन पहिला सूर लावला, आणि मी हसायचं विसरले.

कीर्तनाच्या पूर्वरंगात देवाच्या प्रेमाचं निरूपण झालं. संपवता संपवता बुवा म्हणाले, "गोकुळात एक वासरू होतं. कान्ह्याच्या गोठ्यात यायलाच तयार नव्हतं. सगळी वासरं आत, हे एकटं बाहेर. का? आणि मग पुढं काय झालं? ते उत्तररंगात."

मध्यंतरात सगळ्यांना बुक्का लावायचा असतो. बुवा स्वतः तबक घेऊन मुलांच्या रांगेतून निघाले. मांडवाच्या खांबाशी जनी बसली होती. आठेक वर्षांची, त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे आलेली. बुवांचं काळं झालेलं बोट तिच्या कपाळाकडे गेलं... आणि जनीनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. अंगाची मुटकुळी झाली. दुसऱ्या क्षणी ती उठून खोलीत पळाली आणि कडी लागल्याचा आवाज आला.

तेव्हा मी ते वाक्य बोलले. बुवांनी हात खाली घेतला. "उत्तररंग आज नको," मी म्हटलं. माणसं कुजबुजत पांगली.

पागोळ्या गळत होत्या. बुवा चिऱ्याच्या पायरीवर बसून राहिले होते.

"बाई, माझं काय चुकलं?"

"तुमचं काही नाही. तुमचा हात वर आला, एवढंच."

"तो बुक्का लावायला—"

"मोठ्या माणसाचा हात वर येतो तो कशासाठी, हे तिला एकच ठाऊक आहे."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग दारांकडे. "एक विचारू? तुमच्या खोल्यांना बाहेरून कड्याच नाहीत."

"बाहेरून कडी लागणाऱ्या खोल्या या मुलांनी पुष्कळ पाहिल्यात. इथं कडी आतून."

"आणि मघाशी त्या झोपलेल्या मुलाला तुम्ही लांबूनच हाक मारत होतात. हलवून उठवलं नाहीत."

"तुम्ही फार विचारता, बुवा."

"वीजघरात न विचारता कशाला हात लावला तर माणूस जागचा उठत नाही. सवय लागलीय."

मी ओठ घट्ट मिटून घेतले. हसायची वेळ नव्हती.

"आत जाऊन तिची माफी मागू?"

"मुलांनी बोलावल्याशिवाय परका माणूस या घराची पायरी चढत नाही."

"मग पायरीवर बसलेला चालतो?"

"...चालतो."

"तर मी येईन. उत्तररंग राहिलाय. कीर्तन अर्धं टाकलं तर देव विचारील."

"देवाला मी सांगेन."

"तुमची ओळख दिसते," ते म्हणाले, आणि फेटा काखेत मारून भर पावसात एस.टी.कडे चालते झाले. मी दारात किती वेळ उभी होते, कोण जाणे.

ते खरंच आले. सुटी मिळेल तेव्हा, पोफळीहून चिपळूण, तिथून दुसरी गाडी पकडून. पायरीवर बसायचे, झांज पुसायची, दोन पदं म्हणायची, परत जायचं. मुलं पडवीत कोंडाळं करायची.

"बुवा, वासरू आत गेलं?"

"अजून नाही."

"मग काय करतंय?"

"आज त्यानं यशोदामाईचे वाळत घातलेले पापड खाल्ले."

"आनि कान्हा?"

"कान्हा कुंपणापाशी बसलाय. बोलावत नाही, दोर टाकत नाही. बसलाय आपला."

मुलं खिदळायची. बुवा जनीच्या खिडकीकडे कधी बघायचे नाहीत. मी मात्र बघायची. आधी ती बंद असायची. पापडांच्या दिवशी बोटभर उघडी होती. भाद्रपदात, वासरू चिखलात घसरून पडलं त्या दिवशी, फटीत एक डोळा दिसला.

चहा द्यायला मी जायची. कप पायरीवर ठेवायचा, हातात नाही, आणि मागं न बघता आत यायचं.

"इमले," काकी आतून म्हणायच्या, "बुवांच्या चहात साकर तू बी घातलीस नि मी बी घातली गो. आता मानूस गोड झाला तर माजा दोष नाय."

"काकी, मला गोड चालतो," बाहेरून आवाज.

"तुला नाय इचारलं."

अशानं कार्तिक आला. अंगणातल्या तुळशीला गेरूचा हात मी देत होते. मुलं ओढ्यावर गेली होती. बुवा पायरीवरून म्हणाले, "विमलाबाई... घरी आई विचारते, दर सुटीला कुठं जातोस. काय सांगू?"

"कीर्तनाला जातो म्हणावं."

"ते सांगितलं. ती म्हणाली, एवढं लांबलेलं कीर्तन मी ऐकलं नाही." त्यांनी झांज खाली ठेवली. "तुम्हाला चालणार असेल तर... तुमचं नाव सांगेन म्हणतो. घर सोडा, मुलं सोडा, असं मी कधी म्हणणार नाही. देवरुखात खोली घेईन. वीजघराच्या पाळ्या काय, मी जाईन-येईन."

गेरूचं फडकं माझ्या हातातच राहिलं. हो म्हणायला जीभ शिवशिवत होती. पण पायरीच्या पलीकडे मला ती खिडकी दिसत होती.

"जनी ज्याला भिते त्याच्याशी मला संसार मांडता येणार नाही," मी म्हटलं. "माझा माणूस या घरात वावरणार. तो आला की एका पोरीनं कडी लावून बसायचं... तर मग हे तिचं घर कसलं? माझं उत्तर माझ्याकडे नाही, बुवा. तिच्याकडे आहे."

मला वाटलं, आता ते म्हणतील, मग तिला समजवा. तुमचं ती ऐकते. कुणीही तेच म्हणालं असतं.

ते म्हणाले, "मग हे तिला मुळीच कळू देऊ नका. माझ्या लग्नाचं ओझं तिच्या डोक्यावर नको."

"आणि ती कधीच बाहेर आली नाही तर?"

"तर पायरी आहेच की." ते हसले. "चांगली गार आहे. बसायची सवय झालीय."

त्या दिवशी ते गेल्यावर मी देवापुढं बसले, आणि पहिल्यांदाच मला देवाकडे काय मागावं ते कळेना. जनीनं यावं असं मागणं म्हणजेसुद्धा तिला ओढणंच की.

पुढच्या खेपेला तुळशीचं लग्न होतं. मुलं उसासाठी भांडत होती. बुवा पायरीवर, शेजारी बुक्क्याचं तबक, घरापासून लांबच्या कडेला. वासराची गोष्ट पुढं चालली होती. थंडी पडली, कान्हा आता गोठ्याच्या दारात येऊन बसलाय, वासरू कुडकुडत तिथपर्यंत आलंय—

कडी काढल्याचा आवाज झाला.

जनी पडवीत आली. खांबाला धरून उभी राहिली. "आलं काय वासरू आत?"

बुवांनी वर पाहिलं नाही. "मला कुठं ठाऊक? मी तर बाहेर बसलोय."

जनीनं विचार केला. मग म्हणाली, "कान्ह्यानं दार आडवलंय. तो बसलाय ना दारात. तो बाजूला झाला तर जाईल."

बुवा चटकन उठून पायरीच्या एका बाजूला सरकले. आणि दोन्ही हात मागं बांधून, मान खाली घालून बसले.

जनी एकेक पाऊल टाकत पुढं आली. तबकात बोट बुडवलं. त्यांच्या कपाळावर बुक्क्याचा भला मोठा, वाकडा टिळा ओढला आणि झटकन मागं सरली. ते हलले नाहीत. फक्त त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन नाकाच्या शेंड्यावर थांबलं, आणि जनीला त्याचं हसू आलं.

"आत या," ती म्हणाली. "गोस्ट आत सांगा. थंडी हाय."

राहिलेला उत्तररंग त्या दिवशी आमच्या माजघरात झाला. वासरू गोठ्यात गेलं. त्यानं कान्ह्याचं लोणीही खाल्लं. शेवटच्या गजराला मी टाळ्या वाजवत होते की नुसतीच बघत होते, मला आठवत नाही.

तबक फिरलं. माझ्यापाशी येऊन बुवा थांबले. हात अजून मागंच.

"बाई, हात वर करायची परवानगी आहे?"

"जनीला विचारा."

त्यांनी जनीकडे पाहिलं. जनीनं माझ्याकडे, मग त्यांच्या हाताकडे. दारामागं काकींनी पदर तोंडाशी धरला होता.

"बाईंना लावा," ती म्हणाली. "हळू."

त्यांचा हात हळू वर आला... इतका हळू की सगळ्या मुलांना तो दिसावा. बुक्क्याचा गार ठिपका माझ्या कपाळावर टेकला.

"आईला नाव सांगू?" ते पुटपुटले.

"सांगा," मी म्हटलं.

मग ते जनीपुढं बसले आणि तबक जमिनीवर ठेवलं. जनीनं मान हलवली.

"मला नको," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "आज नको."