जोडीचं क्रिस्टल

रघुनाथकाकांनी ही हकीकत सांगितली तेव्हा आमच्या सत्तावीस सेक्टरच्या घरातले दिवे गेले होते. मेणबत्ती एकच होती, आणि ती मी माझ्या बाजूला ओढून घेतली होती.

"लीना, एवढी घाबरतेस तर आत जाऊन बस," काका म्हणाले.

गेले नाही. आत तर जास्तच काळोख होता. काका जे सांगत गेले ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे.

हेरंब माझ्याच सेक्शनमधला. एकोणऐंशी सालची संक्रांत, रविवार होता. सकाळी तो बावीस सेक्टरच्या बाजारात सेल आणायला गेला.

सेल हवे होते आगगाडीसाठी. खेळण्यातलीच, पण विलायती, रेडिओवर चालणारी. इंजिनाच्या पोटात सेल घालायचे आणि बटणांची पेटी हातात घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून चालवायची. हेरंबला आणि अविनाशला ती इंडस्ट्रियल एरियातल्या एका कबाड्याकडे दिसली. जुन्या मालकाने सेल आतच विसरलेले. ते गळून पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या, खाऊन गेलेल्या. दोघेही आमच्या उपकरणांच्या प्रयोगशाळेतले, त्यामुळे हात शिवशिवणारच. रोज संध्याकाळी हेरंबच्या क्वार्टरमध्ये बैठक. लिंबाने पट्ट्या घासल्या, जुन्या टॉर्चची पट्टी कापून बसवली, मोटारीची तार नव्याने गुंडाळली. पेटीतलं आणि इंजिनातलं क्रिस्टल मात्र एकाच जोडीचं लागतं. जोडी जुळली तरच इंजिनाला पेटीचं ऐकू येतं. ती जोडी अविनाशने कुठूनशी पैदा केली.

गाडी दोघांची, म्हणून ठरलं की इंजिन हेरंबकडे राहील आणि पेटी अविनाशकडे.

"म्हणजे एकट्याने मजा मारायची सोय नाही," अविनाश म्हणायचा. "तुझं इंजिन माझ्या पेटीच्या धाकात!"

"आणि माझ्या इंजिनाशिवाय तुझी पेटी म्हणजे ठोकळा!"

आणखी एक नियम होता. गाडी चालवून झाली की सेल काढून ठेवायचे. एकदा गळलेले पाहिले होते ना.

हा सगळा खटाटोप विनयासाठी होता. हेरंबची मुलगी, सात वर्षांची. पोलिओत डावा पाय गेलेला. रात्री पायाला आधार देणारा कॅलिपर काढला की ती खाटेवरून खाली उतरू शकत नसे. म्हणून रूळ टाकले होते ते बाहेरच्या दारापासून तिच्या खाटेपर्यंत.

"गार्डबाई," अविनाशने तिला शब्द दिला होता, "संक्रांतीला दारातून गाडी सोडतो. तिळगूळ थेट खाटेशी! आणि परत जाताना तुला गाडीत बसवून नेतो."

"मी मावेन का त्यात, अविकाका?"

"बघच तू!"

तर सेल घेऊन हेरंब तसाच अविनाशच्या क्वार्टरवर गेला. दाराला कुलूप. शेजारच्या पंजाबी आजी, बीजी, बाहेर ऊन खात बसल्या होत्या.

"वो तो परसों रात चले गए जी. पूना बदली हो गई. आपको नहीं बताया?"

"और वो पेटी… बटनोंवाली?"

"वो तो बड़े साहब के मुंडे को दे गए. साहब ने ही तो बदली करवाई."

पेटी साहेबाच्या मुलाला देऊन बदली मिळवलेली. परवा संध्याकाळी अविनाश त्याच्याच घरी चहा पिऊन गेला होता. निघताना म्हणाला होता, "नवे सेल तेवढे आणून ठेव हं, हेरंबा."

घरी येऊन त्याने सेलचं पुडकं कपाटात भिरकावलं. "तुझा काका खोटारडा निघाला," तो विनयाला म्हणाला.

"नाही हं, बाबा. येणार ते. संक्रांतीला कोणी खोटं बोलतं का?"

तिने रूळ उचलू दिले नाहीत. इंजिन आणि मागचा उघडा डबा, दोन्ही दारापाशी रुळावर तसेच राहिले.

पद्मजावहिनी नर्स. त्या रात्री त्यांची ड्यूटी होती. हेरंब विनयाच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपला. बाहेर इतकं धुकं की समोरच्या ओळीतले दिवे दिसेनात. बारा वाजून गेले असतील.

घर्र…

त्याला वाटलं, टाकीत पाणी आलं.

घर्र… घर्र…

रुळांवर.

इंजिन दाराकडून खाटेकडे येत होतं. हळू. मागचा डबा रिकामा. तिळगूळ नव्हता त्यात. साहेबाचा मुलगा बटणं दाबत असेल, हेरंबच्या मनात आलं. मग आठवलं…

आत सेलच नाहीत.

"काका, सेल के बिना?" शेजारी बसलेला माझा भाऊ जयंत मध्येच म्हणाला. "हो ही नहीं सकता, यार."

काकांनी त्याला हातानेच थांबवलं. मी जयंतची बाही घट्ट धरली.

इंजिन खाटेशी थांबलं. बराच वेळ. मग मागे जाऊ लागलं. दाराकडे.

विनया उठली. खाली उतरली. कॅलिपर नव्हता… दोन्ही पाय सरळ. ती चालत होती.

क्षणभर हेरंबला तिला थांबवावंसंच वाटेना. ज्या पायासाठी इतके नवस केले, तो पाय चालत होता. मग चेहरा दिसला. डोळे मिटलेले.

"विनू…"

गाडी दाराला टेकली. टक्. टक्. तिचा हात कडीकडे गेला.

हेरंबने इंजिन उचललं. चाकं हातात फिरतच होती. झाकण उघडलं. सेलच्या जागा रिकाम्या. नखाने क्रिस्टल उपटलं…

चाकं थांबली.

विनया तिथेच कोसळली. डावा पाय पुन्हा लुळा. डोळे उघडून तिने बापाकडे पाहिलं.

"काकांनी शब्द पाळला होता, बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच मोडलात."

काका थांबले. मग म्हणाले,

"दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात तार आली. पुण्यात, स्टेशनवरून घरी जाताना अविनाश ट्रकखाली सापडला. त्याच रात्री."

"मतलब… माफी माँगने आए थे?" जयंतने हळूच विचारलं.

"कुणास ठाऊक. हेरंब अजून म्हणतो, दुसऱ्यांदा फसवायला आला होता."

मेणबत्ती संपत आली होती. आता झालं म्हणून मी उठणार, तेवढ्यात काका म्हणाले, "तार दुपारची. त्याआधी, सकाळी…"

सकाळी पद्मजावहिनी ड्यूटीवरून आल्या. हेरंबने रात्रभर लागलेली कडी आतून काढली. विनया मागे खाटेवर झोपलेली. त्या आत येईनात. व्हरांड्यातच उभ्या राहून विचारलं, "विनयाला बाहेर कोणी नेलं होतं?"

फरशीवर दव साचलं होतं. दवात अनवाणी पावलं. लहान. उंबरठ्यापासून फाटकाकडे गेलेली. उजवं, डावं… उजवं, डावं… दोन्ही सारखी टेकलेली.

परत येणारं एकही नव्हतं.